चार नावांचं घर

आई गेली आणि पिंगुळीच्या घराच्या सातबाऱ्यावर आम्हा चार भावंडांची नावं लागली. वारस नोंद हा सगळ्यात सोपा भाग. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे अर्ज, नोटीस. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही, फेरफार मंजूर झाला. थोरला दादा, मग मी, मग भाऊ, मग धाकटी, अशी नावं एकाखाली एक आली. कुणाचा हिस्सा कुठला, ते त्यात नव्हतं. कोकणात असे सातबारे घरोघरी आहेत. काहींवर वीस-पंचवीस नावं असतात, त्यातली निम्मी माणसं वारलेली आणि उरलेली मुंबईत.

घर चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. पुढे खळं, मग पडवी, लोटा, आत देवघर आणि माजघर, मागे चुलीची खोली आणि न्हाणी. बाजूला गुरांचा रिकामा वाडा. घराभोवती माड-पोफळींचं भाट, भाटात विहीर, आणि वर डोंगराला काजूची जमीन. दादा एसटीतून निवृत्त झाला तो वहिनीला घेऊन तिथेच राहतो. भाऊ डोंबिवलीला. मी सावंतवाडीला दिलेली, धाकटी गोव्यात पेडण्याला.

आई होती तोवर घर कुणाचं हा प्रश्नच नव्हता. घर आईचं. गणपतीला सगळे यायचे, माटवी बांधायची, आरत्या व्हायच्या, अनंत चतुर्दशीच्या आत जो तो आपल्या वाटेला लागायचा. कोकण रेल्वे 1998 पासून पूर्ण मार्गावर धावायला लागली तसं भावाचं येणंही वाढलं. रात्री ठाण्याला बसायचं आणि सकाळी कुडाळला उतरायचं. येणं वाढलं तशी घरातली त्याची गुंतवणूकही वाढली. मोरी त्याने बांधून घेतली, पंप त्याने बसवला. चांगल्या मनाने केलेल्या ह्याच गोष्टी पुढे भांडणात पुरावे म्हणून निघाल्या.

पूर्वी पिंगुळी म्हटलं की लोक राऊळ महाराजांच्या मठाचं नाव घ्यायचे, नाहीतर ठाकरांच्या चित्रकथीचं. 2021 ची पद्मश्री परशुराम गंगावणे यांना जाहीर झाली तेव्हा गुढीपूरचं नाव पेपरात आलं आणि सावंतवाडीत मला लोक थांबवून विचारू लागले, 'तुमच्याच गावचे ना?' आता मात्र गावाचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न असतो, 'हायवेपासून किती लांब?' रस्ता चौपदरी झाला आणि भाटातल्या माडांपेक्षा माडाखालच्या जमिनीला भाव आला. एक एजंट थेट डोंबिवलीला भावाच्या घरी जाऊन आला. त्याने एक आकडा सांगितला. तो आकडा भावाच्या डोक्यात बसला, आणि भावाने फोनवर सांगितल्यावर दादाच्याही.

पुढच्या चवथीला पहिला खटका उडाला. भाऊ सहज म्हणाला, की एवढी जागा अशीच पडून आहे. दादा मखराची पट्टी ठोकत होता. हातोडी खाली ठेवून म्हणाला, "पडान? वर्साक एकदा येऊन आरती म्हटलास म्हणून घर चलणा नाय. वाशांक लागलेली वाळवी तुमका दिसता काय?" भाऊ म्हणाला, पैसे मी पाठवतो. दादा म्हणाला, पैसे कौलांवर चढून कौलं परतत नाहीत. वहिनी आतून म्हणाली, "आईचा शेवटचा सगळा मी केलंय. देवाचाबी मीच करतंय. तेचो हिशोब कोण धरतलो?" कुणीच काही बोललं नाही. नैवेद्याची वेळ झाली होती म्हणून तेवढ्यावर निभावलं.

मग माझ्याकडे कागद आला. हक्कसोडपत्राचा मसुदा, दोघी बहिणींनी आपला हक्क दोघा भावांच्या लाभात सोडल्याचा. दादाने कुणाकडून तरी टाइप करून घेतला होता. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. गावात बहिणी सही करतातच. न करणारी बहीण माहेरच्या दारात कशी उभी राहील, असा सवाल उघड कोणी करत नाही, पण तो सहीच्या कागदासोबत येतोच. रक्ताच्या नात्यात मोबदला न घेता वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क सोडला तर मुद्रांक शुल्कही नाममात्र लागतं. सगळं इतकं सोपं, की विचार करायला जागाच राहत नाही.

मी तो कागद पर्समध्ये घातला आणि कुडाळला एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी आधी एकच विचारलं, "तुम्हाला घरातलं काय हवंय?" मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी कायदा सांगितला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात कलम 23 होतं. वडिलांच्या राहत्या घरात कुटुंबातली माणसं राहत असतील, तर पुरुष वारस वाटणी करायचं ठरवीपर्यंत मुलींना वाटणी मागता यायची नाही. लग्न होऊन नांदत असलेल्या मुलीला त्या घरात राहायचाही हक्क नव्हता. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं, पण त्यावेळी ज्यांची लग्नं झालेली त्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगा-मुलगी हा फरक देशभर मिटला आणि कलम 23 सुद्धा गेलं. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. आमच्या बाबतीत तर खल करायचं कारणच नव्हतं. बाबा गेले, मग आई गेली. चौघांचे चार सारखे हिस्से.

"सोडायचा तर सोडा," वकीलबाई म्हणाल्या, "पण काय सोडताय ते वाचून सोडा. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागे घेता येत नाही."

कोर्टाची वाटही त्यांनी समजावली. दिवाणी दावा लावायचा, आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूम, मग प्रत्यक्ष वाटपाचा अंतिम हुकूम. घराची मोजमापं घ्यायला कोर्ट कमिशनर. घर तोडून वाटता येण्यासारखं नसेल आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त हिश्श्याच्या मालकांनी मागितलं, तर 1893 च्या वाटप कायद्याखाली कोर्ट ते विकून पैसे वाटू शकतं. बाकीच्यांना ठरलेल्या किमतीत ते हिस्से घेण्याची संधी असते. म्हणजे दोघांनी ठरवलं तर घर लिलावापर्यंत जाऊ शकतं. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. हक्कसोडीचा विषय त्यानंतर त्याने काढला नाही.

धाकटीकडून गोव्याची तऱ्हा कळली. तिच्या सासरी वाटणी झाली ती इन्व्हेंटरीने. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा वारसा कायदा आहे, त्याचीच आता नव्या कायद्यात मांडणी केली आहे. कोर्टापुढे मिळकतींची यादी होते, आणि ज्या वस्तूवर एकमत होत नाही तिच्यासाठी वारसच आपसात बोली लावतात. बाहेरचा कोणी नसतो. आमच्या पिंगुळीला तो कायदा लागू नाही, पण कल्पना सगळ्यांच्या डोक्यात राहिली.

मे महिन्यात सगळे जमणार होते. मध्ये कोण बसणार, हा प्रश्न होता. गावात तंटामुक्ती समिती आहे. 2007 च्या स्वातंत्र्यदिनी राज्याने ती मोहीम सुरू केली तेव्हा बांधाची, पाण्याची बरीच भांडणं अशा समित्यांपुढे मिटली. पण आपल्या घरातलं गावापुढे मांडायला दोघेही भाऊ तयार नव्हते. शेवटी मामांना बोलावलं. आईचे धाकटे भाऊ, महसूल खात्यातून निवृत्त. त्यांचा ह्या घरात हिस्सा नाही, आणि दादाला 'गप रव' म्हणू शकणारं दुसरं माणूस आता उरलेलं नाही.

मामांनी आल्या आल्या अट घातली. पहिल्या दिवशी हिश्श्याबद्दल कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने एवढंच सांगायचं, की ह्या घराकडून त्याला काय हवं. बायकांनीसुद्धा. भाऊ म्हणाला, "माका पैसे नकोत. पण मी हय पाव्हणो म्हणून येवचंय नाय. माझा घर माझा म्हणून येऊक व्हया." दादा म्हणाला, त्याला कुणाला विचारल्याशिवाय रीप बदलता आलं पाहिजे. प्रत्येक वाशासाठी डोंबिवलीला फोन करायचा त्याला वीट आलाय. धाकटी म्हणाली, चार दिवस उतरायला जागा असली की झालं, पण काजूचं उत्पन्न आजवर कुणी विचारलं नाही, ते विचारायचंय. वहिनी म्हणाली, "हे गेल्यार माका कोणी भायर काढता नये." हे वाक्य तिच्या मनात किती वर्षं असेल, देव जाणे. मी म्हणाले, मला घर विकलेलं बघायचं नाही आणि फुकट सहीही करायची नाही.

मामा सगळं लिहून घेत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "ह्येच्यात तीन गजाली असत. मालक कोण, रवतलो कोण, आणि खर्च कोण करतलो. तुमी तिनांची एकच गाठ मारून बसलास." भांडणाचं एवढं सरळ वर्णन आम्ही कधी ऐकलं नव्हतं. दादा राहत होता म्हणून त्याला मालक असल्यासारखं वाटायचं. भाऊ पैसे पाठवायचा म्हणून त्याला. आम्ही बहिणी ना राहायचो ना खर्च करायचो, म्हणून दोघांनाही आमचं नाव कागदावर उगाच वाटायचं.

दुसऱ्या दिवशी हिशोब. दादाने कपाटातून एक शंभरपानी वही काढली. कडा वाळवीने खाल्लेल्या, आत निळ्या शाईत बारीक अक्षर. कोणत्या सालात कौलं किती आणली, त्यातली किती फुटकी निघाली, कोने किती, पाखाडीच्या रिपांना लाकूड कुठून घेतलं, कौलं परतणाऱ्यांची मजुरी, आणि 'चहा-पाव' असा वेगळा आकडा. घरपट्टीच्या पावत्या मागच्या पानांना टाचलेल्या. भाऊ ती वही उघडून खळ्यात बसला आणि दुपारपर्यंत उठला नाही. त्याने पाठवलेले पैसे त्यात जिथल्या तिथे जमा होते, त्याच्या नावासकट, पंपाच्या बिलासकट. दादा खर्च दाबून दाखवतो किंवा फुगवतो, हा संशय भावाच्या मनात होता की नाही मला माहीत नाही. असलाच तर तो त्या खळ्यात संपला. वहिनीच्या कामाची पावती मात्र कुठेच नव्हती. मामांनी त्यासाठी वेगळं पान उघडलं.

घरपट्टीवरून एक जुना गैरसमजही निघाला. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला फक्त दादाचं नाव आहे, म्हणून घर त्याचं, असं वाडीत काही जण म्हणत. मामांनी सांगितलं, तो कर आकारणीचा उतारा आहे. ज्याचं नाव असेल त्याच्याकडून पट्टी वसूल होते, एवढाच त्याचा अर्थ. मालकी त्याने ठरत नाही.

मग किंमत. भावाने एजंटचा आकडा सांगितला. मामांनी विचारलं, "ह्या भावान तू दादाचो वाटो घेशीत?" भाऊ हसला, म्हणाला, एवढे पैसे कुठून आणू. "मग तो भाव तुझ्यासाठी खरो न्हय," मामा म्हणाले. त्यांनी प्रत्येकाला घडी घातलेला कागद दिला. त्यावर एकच आकडा लिहायचा, ज्या किमतीला आपण घरही देऊ आणि घेऊही. कागद उघडले तेव्हा चारही आकडे एजंटच्या आकड्याच्या बरेच खाली होते आणि एकमेकांच्या जवळ. त्यांच्या मधला एक आकडा धरून पुढचं बोलणं झालं.

भिंत घालून घर वाटायचं नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही. आमच्याच वाडीत एका घरात दोघा भावांनी लोट्याच्या मधोमध चिऱ्याची भिंत चढवलीय. दारं दोन, तुळशी दोन, पण छप्पर एक. एकाने आपल्या बाजूला पत्रे घातले, दुसऱ्याची कौलंच राहिली. जिथे पत्रा आणि कौल भेटतात तिथे दर पावसाळ्यात पाणी उतरतं आणि भिंतीतून दोघांच्या घरात जातं. दुरुस्ती कुणाच्या हद्दीत, ह्यावर ते अजून बोलत नाहीत.

ठरलं ते असं. घर, खळं आणि घराभोवतीची जागा दादाच्या वाट्याला. भाटाचा रस्त्याकडचा भाग भावाला. तिथे तो दोन खोल्या बांधील किंवा माड ठेवील, त्याची मर्जी. काजूची जमीन आम्हा दोघी बहिणींना. तिचे तुकडे केले नाहीत. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचे मनाला येतील तेवढे बारीक भाग पाडता येत नाहीत, आणि आम्हा दोघींना तशी गरजही नव्हती. भाट मोठं होतं म्हणून तिथे दोन भाग बसले. किमतींत जो फरक राहिला तो दादाने हप्त्यांत द्यायचा, आणि त्यातून आईच्या आजारपणाचा आणि छपराचा त्याचा खर्च आधी वजा करायचा. विहिरीचं पाणी आणि पाणंद दोघा भावांची सामाईक. वहिनीला तिच्या हयातीपर्यंत घरात राहण्याचा हक्क, दादा असो वा नसो. गणपती मूळ घरातच. खर्च चौघांचा, पाळी लावून. बहिणींनीही पाळी घ्यायची, हे धाकटीने हट्टाने लिहून घेतलं.

एक कलम वकीलबाईंनी सुचवलं. एखादा वारस आपला हिस्सा विकायला निघाला तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क वारसा कायद्याच्या कलम 22 ने मिळतो. पण एकदा वाटणी झाली, जो तो आपल्या तुकड्याचा स्वतंत्र मालक झाला, की त्या कलमाचा आधार राहत नाही. म्हणून वाटणीपत्रातच लिहिलं, की विकायचं झालं तर आधी भावंडांना लेखी विचारायचं, त्यांनी नाही म्हटलं तरच बाहेर.

जमिनी तासाभरात मिटल्या, पण वस्तूंनी अख्खी संध्याकाळ खाल्ली. पितळेचं घंगाळ, समया, तांब्याचा हंडा, फणसाच्या लाकडाचे पाट. धाकट्यापासून सुरू करून एकेकाने एकेक वस्तू उचलायची, असं ठरलं. धाकटीने समया सोडून आईचा आडाळा उचलला. पात्याची धार झिजून अर्धी राहिलेली, खोबरं किसायचे दाते वाकलेले. त्याच आडाळ्यावर माझाही डोळा होता. मी घंगाळ घेतलं, आणि वहिनीला वारस म्हणून पाळी नसली तरी मामांनी तिलाही एक वस्तू उचलायला लावली. तिने देवघरातली घंटा घेतली, जी तशीही घरातच राहणार होती.

कागद करायला मात्र घाई केली नाही. नोटरीपुढे समजुतीचा कागद करून मोकळे होणारे पुष्कळ असतात. स्थावराचा हक्क ज्या कागदाने एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तो नोंदवलेलाच हवा, असा 1908 चा नोंदणी कायदा आहे. आम्ही वाटणीपत्र कुडाळला दुय्यम निबंधकांपुढे नोंदवलं. चौघांचे फोटो, चौघांचे अंगठे. पोटहिश्श्याची मोजणी झाली तेव्हा लगतचे चुलतभाऊही हजर होते. वईच्या मुळात गाडला गेलेला हद्दीचा दगड त्यांच्याच मुलाने खणून दाखवला. तो दगड सापडला नसता तर आमचं मिटलेलं भांडण शेजारी सुरू झालं असतं. मग फेरफार, पुन्हा नोटिशीचे पंधरा दिवस, आणि वेगळे उतारे.

सगळं गोड झालं असं नाही. पहिल्याच पावसाळ्यात दादाने कौलं परतली आणि सवयीने भावाला बिल पाठवलं. भावाने पैसे पाठवले नाहीत. लिहिल्याप्रमाणे त्याचं बरोबर होतं, पण दादा महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. मग वहिनीने वही उघडून त्या बिलापुढे 'घरमालक' एवढंच लिहिलं आणि वही दादापुढे ठेवली. चवथीला भाऊ आला तेव्हा त्याच्या पाळीचं वर्ष होतं. माटवीची फळं, मोदकांचं सामान, भटजींची दक्षिणा सगळं त्याने केलं आणि दादाने कशात नाक खुपसलं नाही. दादासाठी ते सोपं नव्हतं, मी बघत होते.

काजूचा हिशोब आता मी ठेवते. बिया वाळवणं, विकणं, राखणीचे पैसे, सगळं वहीत. पहिल्या हंगामात धाकटी म्हणाली, "ताई, माजो वाटो रवाने दी, चार पैसे कमी-जास्ती झाले तरी काय होता?" मी तिला तिच्या वाट्याचे पैसे आणि वहीच्या पानाचा फोटो, दोन्ही पाठवले. 'रवाने दी' म्हणण्यातूनच आमच्या घराचं भांडण सुरू झालं होतं. चाळीस वर्षं कुणी कुणाला हिशोब विचारला नाही, आणि न विचारण्यालाच आम्ही माया म्हणत राहिलो.

हल्ली ओळखीतलं कोणी अशा पेचात सापडलं की मला फोन येतो. मी विचारते, कोण राहतं, कोण खर्च करतं, आणि घरातल्या सुनांना कधी कोणी विचारलंय का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण थबकतात. दादाने आता मृत्युपत्र करून नोंदवलं आहे, भाऊ ह्या मे महिन्यात करणार आहे. गणपती पुढच्या पिढीत कुणी बसवायचा, ते आम्ही मुद्दामच लिहिलेलं नाही. दादाचा मुलगा पुण्यात असतो, भावाची मुलगी परदेशात जायचं म्हणते. ते त्यांनी ठरवायचं. त्यांना निदान एकेका उताऱ्यावर एकच नाव मिळेल, फार तर दोन, आणि सोबत एक वही.